धुतलेली बाटली

होळीच्या आठ दिवस आधी आमच्या अंगणवाडीत पळसाचा रंग करतो. यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव आमचं. चौदा वर्षं मी इथं सेविका आहे आणि या एका कामात मी कुणाचं ऐकत नाही.

आदल्या दिवशी लेकरांना नाल्याकाठी नेते. खाली पडलेलीच फुलं वेचायची, फांदीला हात लावायचा नाही. फाल्गुनात पळस उघडाबोडका असतो. एखाद्या फांदीला जुनी पानं राहिलेली दिसली की ती मोजायची. ‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण लेकरांना तिथंच कळते, बोटं लावून. मग अंगणात बसून फुलं सोलायची. देठाकडचा काळपट, मखमली पेला काढून नुसत्या केशरी पाकळ्या ठेवायच्या, नाहीतर रंग गढूळ येतो. पाकळी अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं धरावी लागते. पुढं पेन्सिल धरायची ती ह्याच चिमटीत. तीन वर्षांच्या लेकराला एका फुलाला दोन-तीन मिनिटं लागतात. लागू द्यायची. पाहायला आलेल्यांना वाटतं लेकरं खेळताहेत, बाई बसून आहे.

पाकळ्या जर्मनच्या गंजात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात, उकळायच्या. लोखंडी कढईत रंग काळवंडतो. गाळून निवू द्यायचा आणि त्यात चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायची. पिवळं पाणी डोळ्यांदेखत केशरी होतं. त्या क्षणी बावीस लेकरांचा जो ओरडा होतो, त्यासाठी मी वर्षभर थांबते. चुन्याला मात्र लेकरांचा हात लागू देत नाही. निवळीसुद्धा मीच सोडते.

यंदा वरून उपक्रमांची यादी आली. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या मथळ्याखाली पहिलंच काम होतं घरातल्या रिकाम्या बाटलीची पिचकारी. झाकणाला भोक पाडा, रंग भरा, पाच फोटो ग्रुपवर टाका, मागं फलक दिसला पाहिजे. मी निरोप दिला, “उद्या घरून एक रिकामी बाटली आणा.” या वाक्यात काही खोट आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोळा बाटल्या आल्या. बहुतेक पाण्याच्या नाहीतर थंड पेयाच्या. आमची मदतनीस दारात त्या घेत होती. पाच वर्षांच्या एका पोराची बाटली पांढरी, जाड, रुंद तोंडाची होती. झाकणाला भोकही पाडून आणलेलं. “कशाची रे बाटली?” तिनं विचारलं. “औषधाची,” तो म्हणाला. तिला वाटलं खोकल्याची.

आमच्याकडं फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. “औषध मारायला गेले” म्हटलं की माणूस पंप पाठीला लावून शेतात आहे, हे सगळ्यांना कळतं. पोरगं खरंच बोललं होतं. ऐकणारीही याच गावची. पण अंगणवाडीच्या दारात त्या शब्दाचा दुसरा अर्थ लागला.

मी रांगेनं रंग भरत होते, एकाच नरसाळ्यानं. रंग अजून कोमट होता. त्या बाटलीत ओतला आणि वाफेबरोबर वास आला, उग्र, लसणासारखा. ऑगस्टमध्ये बांधावरून येतो तोच. बाटली उचलून उजेडात धरली. एका बाजूला उभी पट्टी, तिच्यावर मिलीच्या खुणा. बुडाशी लेबलाचा नखाएवढा तुकडा राहिला होता, टोकावर उभा चौकोन, खालचा अर्धा भाग पिवळा. हा चौकोन प्रत्येक कीटकनाशकावर असतो. लाल सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात माणसं गेली, तेव्हा गावोगाव हे रंग समजावून सांगितले होते. सांगणाऱ्यांत मीही होते.

त्या बाटलीनंतर नरसाळं आणखी तीन बाटल्यांना लागलं होतं. कुठल्या तीन, हे मला खात्रीनं सांगता येईना. सगळा रंग मागच्या पडीत खड्डा करून ओतला. गंज, गाळणी, नरसाळं बाजूला काढलं. लेकरांचे हात साबणानं दोनदोनदा धुतले. कुणाला काही झालं नाही. पण दोन दिवस सोललेली फुलं मातीत जाताना पाहून लेकरं रडली, त्यांना काय सांगायचं हे मला सुचलं नाही.

दुपारी त्या पोराच्या घरी गेले. आई दारातच म्हणाली, “काऊन जी बाई, म्या तीनदा राखेनं घासली ना. तुमीच त सांगतलं रिकामी बाटली पाठवा.” खरंच घासली होती. लेबल निघेस्तोवर घासली होती. मी म्हटलं, तुमची चूक नाही, पण प्लास्टिक औषध पिऊन बसतं, राखेनं ते निघत नाही. डबा रिकामा झाला की फोडून वस्तीपासून लांब पुरावा, असा नियमच आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग उठून आत गेली आणि तसलीच दुसरी बाटली घेऊन आली. अर्ध्यावर गोडतेल होतं. “दिवाळीपासून यातच भरतो जी. एवढी मजबूत बाटली फेकाव कशी?”

तेल तिनं माझ्यासमोर ओतून दिलं. जवळजवळ अर्धा लिटर. मजुरीच्या घरात ते ओतताना तिचा हात थांबला नाही, माझ्याच्यानं मात्र पाहवेना. संध्याकाळी घरची स्टीलची बरणी तिला नेऊन दिली.

यादी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुठलं घर होतं, ते मला ठाऊक नाही. आमच्या गावात जी घरं बाटलीबंद काही विकत घेत नाहीत, त्यांच्याकडं रिकामी बाटली असते ती औषधाचीच. आणि माझा निरोप त्याही घरांत गेला होता.

रंग परत केला. गावातल्या एका आजोबांनी बांबूच्या पिचकाऱ्या करून दिल्या. एका बाजूचं पेर शाबूत ठेवून त्याला बारीक भोक, आत चिंधी गुंडाळलेली काडी. तीनच झाल्या, त्यांच्यावरून भांडणं झाली, बाकीच्यांनी ओंजळीनंच रंग उडवला. फोटो मी पाठवले नाहीत. कारण लेखी कळवलं, अजून उत्तर नाही.

धुळवडीनंतर फळी पुसायला काढली. ब्रश ठेवायला आमच्याकडं कापलेल्या बाटलीचं एक भांडं आहे, तीन वर्षांपासून. त्यावर मीच ऑइल पेंटनं कमळं काढली होती. मुख्यसेविकांनी कौतुक केलं होतं. रंगात बुडवलेला ब्रश लेकरं तोंडात घालतात, कितीही सांगा. मी सुरी घेऊन एक कमळ खरवडलं. खाली मिलीच्या खुणा निघाल्या.

ती बाटली कुणाच्या घरून आली होती, मदतनिसालाही आठवत नाही. तेव्हापासूनच्या पटाच्या वह्या काढून ठेवल्या आहेत. रोज संध्याकाळी एकेक नाव वाचते, त्यातली निम्मी लेकरं आता शाळेत आहेत.