चुना मुरू द्यावा लागतो

स्थापत्याच्या पदविकेत आम्हाला चुन्यावर जेमतेम एक धडा होता आणि तोही परीक्षेपुरता वाचला गेला. त्यामुळे दीड वर्षापूर्वी पुण्यातील एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीवर शिकाऊ म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिले तीन महिने मला थापी मिळालीच नाही. मी वाळू चाळत आणि चुना मळत होतो. आज मात्र जुन्या वास्तूंवर हाताने काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने याच क्रमाने शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. पाण्यात टाकताच तो खदखदू लागतो, म्हणून डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय मिस्त्री कोणालाही हौदाजवळ येऊ देत नसत. विरलेला चुना पुढे कित्येक आठवडे पाण्याखाली मुरत ठेवायचा, कारण न विरलेले कण गिलाव्यात गेले तर ते नंतर फुगतात आणि भिंतीवरून खपल्या उडतात. लोण्यासारखा झालेला चुना मिस्त्री थापीवर घेत, थापी उलटी धरत आणि तो चिकटून राहिला तरच "आता झाला" म्हणत. लोहगडावर चुन्याचा घाणा आजही पाहायला मिळतो. दगडी चाकाखाली चुना आणि वाळू एकजीव करण्यात किती वेळ आणि श्रम जात असतील, हे मला चुना स्वतः मळल्यावरच उमगले.

थापी हाती आल्यावर माझ्याकडून मोठी चूक झाली. एप्रिलच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर गिलावा करून, ओले गोणपाट न लावताच मी जेवायला गेलो. परत आलो तोवर त्यावर केसासारख्या भेगा पडल्या होत्या आणि तो सगळा पट्टा खरवडून काढावा लागला. मिस्त्री रागावले नाहीत. भिंत पुन्हा भिजवून त्यांनी माझ्याच हातात थापी दिली.

त्याच वाड्याच्या तळाशी पूर्वी कोणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. तो काढल्यावर आतल्या विटा बोटांनी कुस्करता येत होत्या, कारण जमिनीतून चढणारी ओल बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. चुन्याच्या भिंतीला हवा आणि ओल यांची ये-जा लागते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि ती विटांची माती तळहातावर घेणे वेगळे.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून १२ किल्ले समाविष्ट झाले. त्यांपैकी लोहगडासह ११ महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या देखभालीला चुन्याचे काम जाणणारे हात लागणार आहेत. आठ दिवसांच्या कार्यशाळेत चुन्याची ओळख होते, पण मिस्त्रींच्या शेजारी निदान दोन वर्षे, तीही पगारावर, काढल्याशिवाय हात बसत नाही. पगाराअभावी माझ्याबरोबरचे दोघे सिमेंटच्या कामावर परतले, याचे मला अजून वाईट वाटते.

गेल्या महिन्यात आम्ही माझ्या त्या दुसऱ्यांदा केलेल्या गिलाव्याचा एक तुकडा तोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे अजून कच्च्या असलेल्या चुन्यावर गुलाबी होणाऱ्या द्रावणाचे, थेंब टाकले. बाहेरचा भाग पांढराच राहिला, म्हणजे तेवढा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा झाला होता. आतला भाग मात्र अजून गडद गुलाबी होता.