लंकेची काकवी

सोमवारी आमच्याकडे गिऱ्हाईक कमी. म्हणून नव्या बिअरची चव घेण्याचं काम आम्ही सोमवारी सकाळीच उरकतो, कुणाच्या पोटात मिसळ-वडापाव जायच्या आत. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात आमची छोटी ब्रुअरी आहे. मी तिथे ब्रुअर आहे, हे गावी अजून निम्म्याच लोकांना माहीत आहे. उरलेल्यांना मी ‘फूड कंपनीत’ आहे.

गोड स्टाउट, म्हणजे करपेपर्यंत भाजलेल्या धान्याची काळी बिअर, करायची असं मालकांच्या मनात आलं आणि माझे तीन महिने त्यात गेले. गोड स्टाउटचा ठरलेला मार्ग म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर. बिअर आंबवणाऱ्या यीस्टला ती पचत नाही, त्यामुळे इतर साखरेची दारू होते आणि ही तशीच मागे राहते. इंग्लंडात मॅकेसन कंपनीने 1907 मध्ये अशी ‘मिल्क स्टाउट’ बाजारात आणली, तीच वाट मीही धरली. तीन वेळा केली. तिन्ही वेळा दाट झाली, गुळगुळीत झाली, आणि दोन घोटांनंतर नकोशी झाली. तिसरी तर अशी लागायची, की कुणीतरी कोल्ड कॉफीत पिठी कालवली असावी.

त्या सोमवारी आमच्या तळघरातल्या पोराने चार ग्लास मांडले. खाली खडूने फक्त आकडे. तीन माझ्या, चौथी कुठली ते सांगेना.

‘‘ताई, तुम्ही चव घ्या, मग सांगतो.’’

चौथा ग्लास उजेडात धरला तर काठाशी जरा तांबूस, बाकी काळामिट्ट. फेस कॉफीच्या सायीच्या रंगाचा. नाक जवळ नेलं आणि थांबले. आमचं गाव कोल्हापूरकडचं, काकांचं गुऱ्हाळ होतं. काहिलीच्या काठाला चिकटून जराशी करपलेली काकवी आम्ही पोरं बोटाने निपटून खायचो. वास थेट तोच. त्याच्या मागे कडू चॉकलेट, काळे मनुके, आणि घोट उतरल्यावर छातीत ऊब. गोड होती, पण जिभेला चिकटत नव्हती. भाजल्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, कडवटपणा शेवटी येऊन गोडी पुसून टाकत होता.

‘‘इंग्लंड,’’ मी म्हटलं. ‘‘नाहीतर बेल्जियम.’’

पोरगं हसून हसून स्टुलावरून पडायचं बाकी होतं. भाऊ जहाजावर असतो, त्याने कोलंबोहून आणली होती. पाचशे मिलीचे चार कॅन, कस्टमच्या 2 लिटरच्या मापात चोख बसणारे. लायन स्टाउट, श्रीलंका, 8.8 टक्के अल्कोहोल. लंकेत सोन्याच्या विटा असतात हे लहानपणापासून ऐकत आले होते. स्टाउट असते हे ब्रुअर होऊनही ठाऊक नव्हतं. लाज वाटली. आपण बिअरचा नकाशा काढतो तो म्युनिकपासून सुरू होतो आणि डब्लिनला संपतो.

खरं तर यात नवल काहीच नाही. श्रीलंकेतलं नुवारा एलिया समुद्रसपाटीपासून 1,800 मीटरवर. मुंबईत जुलैत अंगाला चिकटणारी हवा, आणि तिथे स्वेटर लागतो. बर्फाची यंत्रं नव्हती त्या काळात बिअरला असाच गारवा हवा. पुढे नाईलच्या शोधात गाजलेल्या सॅम्युअल बेकरने 1849 मध्ये तिथे ब्रुअरी काढली, आणि लायनची कंपनी आपली कुळी तिथपर्यंत नेते. शिवाय डब्लिनहून 1801 पासूनच वेस्ट इंडिजसाठी वेगळी, जोरकस काळी बिअर निघत होती. उष्ण मुलखात अशा बिअरची गोडी लागली ती लागलीच. जमैकाची ड्रॅगन स्टाउट त्याच गोतावळ्यातली.

मग मी दुसरा कॅन फोडला, ग्लासातला गॅस ढवळून घालवला आणि हायड्रोमीटर सोडला; ही तरंगती काचनळी बिअर पाण्यापेक्षा किती जड ते सांगते, साखर जास्त तर आकडा मोठा. माझी तिसरी स्टाउट 1.026 दाखवत होती. लंकेची त्याच्या बरीच खाली. म्हणजे जिभेला जास्त गोड, आणि मोजायला गेलं तर साखर कमी! अल्कोहोल पाण्याहून हलकं, त्यामुळे आकडा थोडा फसवतो, हे मान्य. पण ते अल्कोहोलच स्वतः गोडसर लागतं, आणि उरलेलं काम गडद माल्टच्या करपट-गोड वासाने होतं. नाकाला गूळ मिळाला की जीभ त्याच्या मागे जाते. मी तीन महिने साखर ओतत बसले होते.

मालकांना सांगितलं, लॅक्टोज बंद. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो उरलेल्या पोत्याचा.

आता टँकमध्ये नवी स्टाउट आहे. गारव्यात काम करणारं लागर बिअरचं यीस्ट घेतलंय, पण जरा उबेत ठेवलंय; उष्ण मुलखातल्या स्टाउट बऱ्याचदा अशाच करतात. आज नववा दिवस. पोतं घेऊन मी स्वयंपाकघरातल्या मावशींकडे गेले, म्हटलं पेढ्यात खपेल का बघा. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

‘‘बाई, साखर म्हणतेस ना ही? मग गोड का लागत नाही?’’