तहान लागायची वाट बघू नका

डोंगरातल्या शर्यतीत डॉक्टरचा बहुतेक दिवस तळपायांवर जातो. फोड, उचकटलेली नखं, मुरगळलेले घोटे. लोकांना वाटतं, आम्ही शेवटच्या रेषेशी हार्ट अटॅकची वाट बघत उभे असतो. रेषा ओलांडून धाडकन पडणाऱ्याची खरं तर मला फारशी धास्ती नसते. पळणं थांबलं की पोटऱ्यांचा पंप थांबतो, रक्त पायांत साचतं, चक्कर येते. आडवं करून पाय वर धरले की थोड्या वेळात तोच पदक कुठे मिळतं विचारतो. धास्ती असते ती वाटेतच कोसळणाऱ्याची.

शर्यत ४२ किलोमीटरची, एकूण चढ २,३०० मीटर. मार्ग देखणा आहे, त्यात वादच नाही. जंगलातली चढण, मग दोन्हीकडे दरी असलेली लांबलचक धार आणि तिच्यावरून इकडून तिकडे जाणारे ढग. शेवटी मुरमाची घसरडी उतरण. आयोजकांनी फोटोग्राफर चार नेमले होते, डॉक्टर दोन. धारेखाली वायरलेस चालत नाही हे मी दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी एड स्टेशन, म्हणजे पाण्याचा आणि मदतीचा थांबा, तिथेच असतं, कारण गाडी तिथपर्यंतच येते.

सकाळी मी १४व्या किलोमीटरला होते. मागच्या गटात ती आली, घामानं निथळलेली पण हसतमुख. पाठीवरची दोन लिटरची पिशवी भरून घेताना म्हणाली, "डॉक्टर, पुरेसं पितेय ना मी?" मी कुणाच्या तरी टाचेला टेप लावत होते. मान वर न करता म्हणाले, "तहान लागायची वाट बघू नका. पीत राहा."

मी शिकले तेव्हा हे वाक्य बरोबर मानलं जायचं. आता मानलं जात नाही, आणि ते मला पक्कं माहीत आहे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त शेवटच्या रेषेशी तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं निघालं. त्याचा सगळ्यात घट्ट संबंध होता शर्यतीत वाढलेल्या वजनाशी. हो, वाढलेल्या. घामावाटे बाहेर गेलं त्याहून जास्त पाणी पोटात गेलं होतं. पुढचे धावक यातून बहुतेक वाचतात, त्यांना प्यायला वेळच नसतो. अडकतात ते चार तासांहून जास्त वेळ वाटेवर असणारे, नेमानं घोट घेणारे, सांगितलेलं ऐकणारे. ज्युनियरांना हे मीच शिकवते.

दुपारी मी ३१व्या किलोमीटरला होते. स्वीपर, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारा पोरगा, वरून धापा टाकत उतरला: एक बाई बसल्यात, उलट्या चालू आहेत, काहीतरीच बोलतात. वर पोचायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली.

तीच होती. मी बिबचा, म्हणजे छातीवरच्या पट्टीचा नंबर विचारला, तिनं जन्मतारीख सांगितली. डोकं दोन्ही हातांत गच्च धरलेलं. बिबाच्या मागे औषधं, आजार, घरच्यांचा नंबर लिहायची जागा असते. ती कोरी होती, बहुतेकांची असतेच. भोवती चार हितचिंतक. एक डोक्यावर पाणी ओततोय, दुसरा इलेक्ट्रोलाइटची बाटली ओठांना लावतोय. त्या रंगीत पाण्यात सोडियम रक्ताच्या मानानं अगदीच थोडं असतं, पण हे तिथे कुणाला सांगणार? माझ्या ज्युनियरनं सुई हातात घेतली होती. "मॅडम, डिहायड्रेशन आहे. एक लिटर आरएल सलाइन सोडतो."

"थांब," मी म्हणाले, आणि तिच्या हाताकडे बोट दाखवलं. घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता. बोटं फुगलेली, नाडी भरदार, रक्तदाब १२६/८०. पाण्यावाचून कोसळलेल्या माणसाचा हात असा नसतो. साखर १०४. उष्माघात वगळायचा तर काखेतलं तापमान फसवतं, ते गुदद्वारातूनच घ्यावं लागतं. दोघींनी फॉइलच्या चादरीचा आडोसा धरला. ३७.९. उष्माघात नव्हता.

सोडियम मोजायचं हातात मावणारं यंत्र मिळतं. मी दोन वर्षं मागतेय, बजेट नसतं. पदकं मात्र दर वर्षी जडच होत चालली आहेत. अशा वेळी लक्षणांवरून ठरवावं लागतं, आणि तसं ठरवायला मार्गदर्शक सूचनांची मुभा आहे. ३ टक्के सलाइनच्या, म्हणजे जास्त मिठाच्या, १०० मिलीच्या तीन बाटल्या मी माझ्या पिशवीत ठेवते, आयोजकांच्या यादीत त्या नाहीत. पहिली सोडली. दहा मिनिटं. सोडियम असं घसरलं की मेंदूला सूज येते, आणि मेंदूला सूज असताना दहा मिनिटं किती लांब असतात! माझं चुकलं असेल तर, हे तेवढ्यात तीनदा मनात आलं. दुसरी सोडली. स्ट्रेचर खाली नेताना तिनं डोळे उघडून विचारलं, "कटऑफची वेळ गेली का?" ज्युनियर हसला. मला हसू आलं नाही.

रुग्णालयात सोडियम १२२ निघालं, तेही दोन बाटल्यांनंतर. १३५च्या खाली गेलं की कमी धरतात. मधेच गुडघा दुखतो म्हणून तिनं आयब्युप्रोफेनही घेतलं होतं, त्यामुळे मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. म्हणजे कारण एकटं माझं वाक्य नव्हतं. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलंय. ती पिशवी ती तशीही भरणारच होती. पण तिनं विचारलं होतं, आणि विचारणारा माणूस ऐकायला तयार असतो.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. ती उठून बसली होती, आवाज खणखणीत. "तुम्ही सांगितल्यापासून प्रत्येक ठिकाणी पिशवी भरून घेतली हो मी," म्हणाली. तक्रार नव्हती, उलट जरा अभिमानच.

"ते मी चुकीचं सांगितलं," मी म्हणाले.

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "मग प्यायचं किती?"

"तहान लागेल तेवढं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.