मलेशियातच का नाही राहिलात? तुम्ही विचारलंत म्हणून

"तिकडंच काऊन नाई राह्यले भाऊ? आमी असतो तं वापस आलोच नसतो." मोर्शीच्या बाजारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, संत्र्याचा बगीचा पाहायला आलेला व्यापारी सुद्धा सौदा अर्धवट सोडून आधी हेच विचारतो. दर वेळी मी "आई होती ना इकडं" म्हणून सुटका करून घेतो, ते खोटं नाही पण पूर्ण उत्तर पण नाही. तर एकदा नीट लिहून टाकतो.

माझी नोकरी होती मलेशियात पेनांगला, बायान लेपासच्या फॅक्टरी भागात, मेंटेनन्समध्ये. इकडच्यांना वाटतं इतकी वर्षं राहिला म्हणजे हा तिकडचाच झाला असेल. तसं काही नसतं हो. एम्प्लॉयमेंट पास कंपनीच्या नावानं, नोकरी संपली की पास संपला, आणि परदेशी नोकरदाराला पर्मनंट रेसिडेन्सी मिळणं तिथं महाकठीण. म्हणून पन्नाशीकडं झुकलेले आम्ही सगळे एका स्कीमवर डोळा ठेवून असायचो, मलेशिया माय सेकंड होम. २००२ मध्ये या नावानं सुरू झालेली, त्याच्या आधी १९९६ पासून सिल्व्हर हेअर म्हणून होती, म्हणजे नावातच पिकलेले केस. पन्नाशीच्या वरच्या माणसाला दीड लाख रिंगिटची एफडी, देशाबाहेरून येणारं महिन्याला १०,००० रिंगिट उत्पन्न आणि साडेतीन लाखांची शिल्लक दाखवायची, की १० वर्षांचा व्हिसा, पुढं रिन्यू होणारा. पन्नाशीच्या आतल्याला एफडी दुप्पट, ३ लाख. आपल्या पैशात दीड लाख रिंगिट म्हणजे साधारण २५-२७ लाख. कमी नाही, पण आयुष्यभर नोकरी केलेला माणूस एखादा प्लॉट विकून, फंड मोडून जमवू शकतो. उत्पन्नाचा आकडा जड होता, त्यासाठी नागपूरच्या दोन गाळ्यांचं भाडं, व्याज असं सगळं धरून बायको आणि मी गणित बसवत आणलं होतं.

मग कोरोना आला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सरकारनं स्कीमच थांबवली, म्हणे आढावा घ्यायचा आहे. वर्षभरानं आढावा संपला आणि नवे नियम आले, ऑक्टोबर २०२१ पासून लागू. उत्पन्न महिन्याला ४०,००० रिंगिट, एफडी १० लाख, शिल्लक १५ लाख, बायको-पोरांच्या नावानं माणशी ५०,००० ची एफडी वेगळी, वर्षातले ९० दिवस तिथं राहणं सक्तीचं, आणि एवढं करून व्हिसा ५ वर्षांचा. महिन्याला ४०,००० रिंगिट म्हणजे तेव्हाच्या भावानं सात लाखांच्या वर! महिन्याला सात लाख घरबसल्या येत असलेला माणूस मेंटेनन्समध्ये नोकरी कशाला करेल, तो तर आमची कंपनीच विकत घेईल.

पण खरी मजा, म्हणजे मजा कसली, ती अशी की सुरुवातीला जाहीर केलं ते जुन्या व्हिसावाल्यांना पण लागू होणार असं. आमच्या बिल्डिंगमध्ये एक इंग्रज म्हातारा-म्हातारी राहायचे, पेन्शनवाले, घर विकत घेतलेलं, लंडनला मागं काही ठेवलेलं नाही. मास्क लावून लिफ्टसमोर उभे होतो तर म्हाताऱ्यानं खिशातून किराणाचं बिल काढलं, त्याच्या मागं पेन्शनचा आकडा, पौंडाचा भाव, खाली ४०,००० आणि मधला फरक, दोनदा गोल केलेला. म्हातारी माझ्या बायकोला विचारत होती की तू दिलेला कढीपत्ता बाल्कनीत आहे तो आम्ही गेल्यावर परत नेशील का. पुढं ओरड झाली, वर्तमानपत्रांत आलं, सरकार नरमलं आणि जुन्यांना उत्पन्न-एफडीतून वगळलं, फक्त वार्षिक फी ९० रिंगिटवरून ५०० केली. ते दोघं राहिले. पण मला त्या बिलानं जे सांगायचं ते सांगून टाकलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, असा व्हिसा म्हणजे मक्त्यानं केलेलं वावर. खत तुम्ही टाका, बांध तुम्ही घाला, पुढच्या साली द्यायचं का आणि कितीला ते मालकच ठरवणार. मालकाचं चुकलं असं मी म्हणत नाही, देश त्यांचा आहे, श्रीमंतच पाहिजेत असं त्यांनी ठरवलं तर ठरवलं. (आपल्याकडं तर परदेशी रिटायर माणसासाठी असा व्हिसाच नाही, तेव्हा आपण कोणाला नावं ठेवायची?) आकडा मोठा आहे हे चालतं, आपण तयारी करतो किंवा नाद सोडतो. पण साठीत एकदा, पासष्टीत एकदा आकडा बदलणार असेल तर तयारी कशाची करायची?

आणि बदललाच की. २०२४ मध्ये परत नवा साचा, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. उत्पन्नाची अट काढून टाकली, पण सिल्व्हरला दीड लाख डॉलरची एफडी आणि किमान ६ लाख रिंगिटचं घर घेणं सक्तीचं, ते १० वर्षं विकायचं नाही, आणि व्हिसा मात्र ५ वर्षांचा! प्लॅटिनमला १० लाख डॉलर. बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्याला इमिग्रेशनचे स्वतःचे अधिकार आहेत म्हणून त्यांची वेगळी, त्यामानानं सोपी स्कीम चालायची, पण बोर्निओत जाऊन नव्यानं ओळखी करायचं वय राहिलं नव्हतं. थायलंडचं पण पाहिलं होतं, ५० वर्षं वय, बँकेत ८ लाख बाथ, मग दरवर्षी रिन्यू आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवत राहा.

आता इथून कोणी जायचं म्हणेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण ठराविक रकमेच्या वर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधी कापून घेते, रिटर्न भरल्यावर हिशोबात येतो तो, तोवर पैसा अडकला.

गावातले एक रिटायर्ड गुरुजी लईच मागं लागले होते. त्यांना म्हटलं, राहायचं डोक्यातून काढा, १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, काकूंना घेऊन महिनाभर पेनांगला राहून या, भाड्याची खोली मी पाहून देतो. गुरुजी खूश झाले, तारखा पण काढल्या आणि मग म्हणाले, "महिनाभर जाऊन काय करू बाप्पा, संत्र्याच्या आंबिया बहाराले पानी कोन देईन?"