हुबळीचं विमान

वडील सोलापुरातून चादरींचे गठ्ठे घेऊन हुबळीला जायचे, विजापूरमार्गे, रेल्वेनं. 2003 मध्ये तिथल्या एका व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं, 'आता आमच्याकडनं बंगळूरला विमान जातंय.' वडिलांनी घरी येऊन ते तीनदा सांगितलं. आमच्या हुबळीला विमान!

ते एअर डेक्कन या विमान कंपनीचं. ती काढणारा कॅप्टन गोपीनाथ म्हणजे लष्करातून बाहेर पडून शेतीत रमलेला माणूस. 1997 मध्ये बंगळुरात डेक्कन एव्हिएशन काढली, ती भाड्यानं हेलिकॉप्टर देणारी छोटी कंपनी. कुणाला सर्वेक्षणासाठी हवं, कुणाला प्रचारासाठी. त्यातूनच पुढं 48 आसनांची एटीआर-42 विमानं आली. पंख्याची असल्यानं आखूड धावपट्टीवर उतरायची, म्हणून तर हुबळीसारखी गावं जोडली गेली. मला हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. 2008 मध्ये एअर डेक्कन किंगफिशर या दुसऱ्या विमान कंपनीत विलीन झाली, 2012 मध्ये किंगफिशरही थांबली.

9 जून 2025 ला सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं. तेही एटीआरच, थोडं मोठं. मी कुंपणापाशी उभा होतो. पंख्यांचा आवाज आला आणि वडिलांचा तो चेहरा आठवला.