तुम्ही विचारलेत म्हणून : पापण्यांच्या शस्त्रक्रियेत मी जागा का होतो?

मासुंदा तलावाभोवती सकाळी फिरताना भेटणारे स्नेही मला हमखास विचारतात, "डोळ्यांवर सुरी चालत असताना तुम्ही जागे कसे राहिलात?" प्रश्नात माझ्या धीराचे कौतुक असते, म्हणून तो ऐकायला बरे वाटते, पण खरे सांगायचे तर जागे राहणे हे त्या दिवशी माझ्याकडे सोपवलेले कामच होते.

साठीनंतर माझ्या वरच्या पापण्या उतरू लागल्या. पापणी उचलणारा स्नायू धडधाकट होता, मात्र त्याला पापणीच्या कडेशी जोडणारा पातळ पडद्यासारखा कंडरा वयोमानाने ताणून सैल झाला होता. वाचायला खाली पाहिले की पापणी आणखीच खाली येई, आणि ती वर धरण्यासाठी मी नकळत भुवया ताणून बसे; मुलगी विचारायची, "बाबा, तुम्हाला सतत कसले आश्चर्य वाटते?"

डॉक्टरांनी बॅटरीचा प्रकाश बुबुळावर पाडून तिथून पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजले. ते साधारण 4 ते 5 मिलिमीटर असावे लागते. माझे उजवीकडे 1 आणि डावीकडे 2 होते. मग भुवई अंगठ्याने दाबून धरून पापणी स्वतःच्या बळावर किती वर जाते तेही पाहिले. हे बळ फारच कमी असते, तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगावी लागली असती. संध्याकाळी पापण्या जास्त जड होतात का, एकाची दोन दिसतात का, हेही त्यांनी खोदून विचारले, कारण पापणी पडण्यामागे स्नायूंचा किंवा मज्जातंतूंचा आजारही असू शकतो. (एकाएकी पापणी पडून डोके दुखू लागले आणि दोन-दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.)

डावा डोळा तितका वाईट नव्हता, तरी दोन्ही पापण्या केल्या. मेंदू दोन्ही पापण्यांना सारखाच जोर पुरवतो. एक उचलली की तो जोर कमी होतो आणि दुसरी खाली येऊ शकते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत दुखले ते भुलीचे इंजेक्शन. पापणीच्या घडीत छेद घेऊन कंडरा पुन्हा घट्ट शिवल्यावर डॉक्टरांनी मला टेबलावरच उठवून बसवले आणि समोरच्या घड्याळाकडे पाहायला सांगितले. आडव्या, झोपलेल्या माणसाच्या पापणीची खरी उंची कळत नाही, हे त्याचे कारण. उजवी किंचित जास्त वर गेली होती. त्यांनी टाका सोडला, पुन्हा बांधला, मला पुन्हा बसवले. भुलीच्या औषधानेही पापणीची उंची थोडी बदलते, म्हणून डोळ्यांना दिसते त्यावर अनुभवाचा अंदाज चढवावा लागतो, असे ते म्हणाले.

आठवड्याने टाके निघाले, पण काही आठवडे झोपेत डोळे पूर्ण मिटत नसल्यामुळे रात्री मलम घालावे लागे. आज उजवी पापणी डावीहून जराशी खाली आहे. ते फक्त मुलीच्या लक्षात आले, आणि आता तिला माझ्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसत नाही.