सेलवरचा दाब: स्प्रिंगा काढल्या, हवा बसवली

बॅटरीचा सेल प्लेटांमध्ये दाबून त्यावरचा दाब नोंदवणाऱ्या माझ्या घरच्या जिगमधल्या डिस्क स्प्रिंगा निघाल्या. त्यांच्या जागी आता ५० मिमी बोअरचा न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारा) सिलिंडर आणि हवेचा दाब ठरवणारा रेग्युलेटर. बाकी सगळं तेच: १२ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा, खाली २०० किलोपर्यंतचा भार मोजणारा लोड सेल, बाजूला जाडीतला फरक दाखवणारा डायल गेज, नोंदी घ्यायला अर्डुइनो.

नव्यांसाठी सांगतो, प्लेटांमधला बॅटरीचा सेल सॉलिड-स्टेट नाही, म्हणजे त्यातला लिथियमचे आयन वाहून नेणारा पदार्थ (इलेक्ट्रोलाइट) घन नाही. साधा, द्रव इलेक्ट्रोलाइटचा ग्राफाइटवाला पाऊच (पिशवीसारखा चपटा सेल) आहे, ५ × ४ सेंमीचा. सॉलिड-स्टेटमधल्या सल्फाइड इलेक्ट्रोलाइटला हवेतला ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो, त्यामुळे ते घरी करायचं कामच नव्हे. मला फक्त दाबाची बाजू समजून घ्यायची आहे.

द्रव इलेक्ट्रोलाइट फटीत आपसूक शिरतो, घन शिरत नाही. डिस्चार्जमध्ये सॉलिड-स्टेट सेलच्या लिथियम धातूच्या थरातून लिथियम निघून गेलं की तिथे पोकळी पडते, उरलेल्या स्पर्शातून करंट दाटीने वाहतो आणि पुढच्या चार्जला तिथूनच डेन्ड्राइट (लिथियमचे फांद्यांसारखे कोंब) फुटतात. म्हणून बाहेरून दाबायचं, म्हणजे मऊ लिथियम सरकून पोकळी बुजवतं. अति दाबलं तर तेच लिथियम इलेक्ट्रोलाइटच्या भेगांत घुसतं. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की ५ मेगापास्कलला सेल टिकतो, २५ ला काही काळाने शॉर्ट होतो आणि ७५ ला तर सायकलिंग सुरू होण्याआधीच.

५ हा आकडा किरकोळ वाटतो ना? १० × १० सेंमीच्या सेलवर तो ५० किलोन्यूटन होतो, म्हणजे पाच टनांचा भार! तो पेलणाऱ्या पोलादी प्लेटा गाडीत घातल्या तर सॉलिड-स्टेटने वाचवलेलं वजन त्यांच्यातच जाणार. सॅमसंगने २०२० मध्ये चांदी-कार्बनचा थर देऊन २ मेगापास्कलवर सेल चालवला. तरी दोन टन उरलेच.

आता माझा मुद्दा. दर चौरस सेंमीला १ मिलिअँपिअर-तास म्हणजे जवळपास ५ मायक्रॉन लिथियम. असे ३ मिलिअँपिअर-तास धरले आणि सेलचे २० थर रचले, तर चार्ज-डिस्चार्जमध्ये जाडी ०.३ मिमीने बदलते. पक्क्या बोल्टांच्या चौकटीत चार्जला दाब चढतो आणि डिस्चार्जला, नेमका पोकळ्या पडताना, उतरतो. मग तो उतरलेला दाबही पुरेसा राहावा म्हणून सुरुवातीलाच जास्त आवळून ठेवावं लागतं. दाब स्थिर राहिला तर ही वरची भर लागणारच नाही. रसायन सुधारण्याइतकंच हेही महत्त्वाचं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मर्सिडीजने २०२५ मध्ये रस्त्यावर आणलेल्या विजेवरच्या ईक्यूएस चाचणी-गाडीत फॅक्टोरियल कंपनीच्या सॉलिड-स्टेट सेलसोबत न्यूमॅटिक ॲक्चुएटर (हवेने दाबणारे भाग) आहेत, ते याचसाठी.

माझ्याकडे ग्राफाइट असल्याने फुगणं बरंच कमी, पण फरक स्पष्ट दिसतो. नुसत्या बोल्टांवर दाबाचा आलेख डोंगरासारखा होता. डिस्क स्प्रिंगांनी तो बराच बसला. हवेवर जवळजवळ सपाट. पिस्टनचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंमी, सेलचं २०, त्यामुळे रेग्युलेटरवर दिसतो तोच दाब सेलवर. २ बारला लोड सेल साधारण ४० किलो दाखवतो, हिशोब जुळला.

आलेखात अजून बारीक पायऱ्या आहेत. सिलिंडरचं सील आधी अडकतं, मग एकदम सरकतं. त्यावर उपाय म्हणजे घासणारं सीलच नसलेला रबरी बेलो (हवेने फुगणारा घडीचा फुगा). ५० मिमीच्या आसपासचा, ३ बार सोसणारा बेलो कुणी वापरला असेल तर मॉडेल सांगा.